खेळ सुटल्यानंतरचे मत : मराठी प्रेक्षकाची अलिखित समीक्षा

चित्रपटाचा खेळ सुटल्यावर चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवर, परतीच्या एसटीत, दुसऱ्या दिवशी कार्यालयात डबा खाताना किंवा संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत प्रेक्षक जे काही बोलतो, त्याला समीक्षा म्हणण्याची पद्धत मराठीत नाही. ‘मध्यंतरापर्यंत बरा आहे, नंतर ढेपाळतो’, ‘गाणी चांगली आहेत, गोष्टीत दम नाही’, ‘पैसे वसूल’, ‘एकदा बघायला हरकत नाही’ अशा वाक्यांना लेखी समीक्षेच्या इतिहासात जागा मिळत नाही, कारण ती कोणी टिपून ठेवलेली नसतात आणि बोलणाऱ्याला आपण मूल्यमापन करीत आहोत याची जाणीवही नसते. तरीही मराठी चित्रपटाच्या शतकाहून अधिक काळाच्या वाटचालीत कोणता चित्रपट आठवडाभरात उतरला आणि कोणता वर्षानुवर्षे चालला, याचा निर्णय बव्हंशी या बोलण्यानेच केला आहे. म्हणून या बोलण्याचा इतिहास, त्याची रीत आणि आज त्याच्यावर आलेली अडचण यांचा विचार गांभीर्याने व्हायला हवा.

भारतीय नाट्यविचाराने सामान्य प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेकडे फार पूर्वीच लक्ष दिले होते. भरताच्या नाट्यशास्त्रातील सिद्धीविषयक अध्यायात, म्हणजे प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखावे याची चर्चा करणाऱ्या अध्यायात, यशाचे मानुषी आणि दैवी असे दोन प्रकार सांगितले आहेत. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या स्मितात, मोठ्या हसण्यात, ‘साधु’ किंवा ‘अहो’ अशा उद्गारांत, अंगावर उठणाऱ्या रोमांचात आणि जागेवरून उठून उभे राहण्यात दिसते. दैवी सिद्धी मात्र प्रेक्षागृह भरलेले असूनही कोठेच आवाज किंवा गडबड होत नाही तेव्हा मिळाली असे समजावे. याच अध्यायात प्राश्निकांची, म्हणजे प्रयोगाबद्दल वाद झाल्यास निवाडा देणाऱ्या परीक्षकांची यादी येते. तीत व्याकरण जाणणारा आणि छंद जाणणारा यांच्याबरोबर धनुर्धर, चित्रकार, गायक, वेश्या आणि राजसेवकही आहेत. धनुष्य कसे धरले हे धनुर्धराने पाहावे, रंगभूषा आणि आकृती चित्रकाराने, दरबारातील वागणे राजसेवकाने. ज्याला जे जगून ठाऊक आहे त्याने त्याविषयी बोलावे, आणि त्या बोलण्याला पंडिताच्या मताइतकेच वजन असावे, अशी ही व्यवस्था आहे. चित्रपटाबद्दलच्या सहज बोलण्याची योग्यता ठरवण्यासाठी आजही याहून चांगली कसोटी सापडणे कठीण आहे.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, तेव्हा चित्रपट कसा पाहावा हे सांगणारी परंपरा उपलब्ध नव्हती. प्रेक्षकाजवळ होती ती कीर्तनाची, नाटकाची आणि तमाशाची सवय, आणि पहिली मते त्याच सवयींतून तयार झाली. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या, पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायताणे काढून ठेवत, असे त्या काळाविषयी आवर्जून लिहिले गेले आहे. ते मत शब्दांत नव्हते, पण त्यापेक्षा स्पष्ट मत दुसरे कोणते असू शकले असते?

बोलपट आल्यावर प्रेक्षकाची ही पारख अधिक बारीक झाली. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची दखल घेतली गेली. या चित्रपटावर पुष्कळ अभ्यासपूर्ण लेखन झाले आहे आणि त्यात चमत्कारांच्या दृश्यांची व विष्णुपंत पागनिसांच्या मुद्रेची चर्चा वारंवार येते. पण सामान्य प्रेक्षकाला या चित्रपटाशी बांधून ठेवण्यात तुकारामांच्या पत्नीचा, गौरी या अभिनेत्रीने उभ्या केलेल्या त्या तोंडाळ, कष्टाळू आणि पोरांच्या भुकेने हैराण झालेल्या बाईचा वाटा फार मोठा होता. देवाला शिव्या घालणारी आणि नवऱ्यासाठी जीव टाकणारी ही बाई प्रेक्षकाच्या घरात, शेजारी, आळीत होती. वारकऱ्याने तुकाराम पारखला आणि संसार करणाऱ्या बाईने त्याची बायको पारखली. दोघांनीही पसंतीची पावती दिली, म्हणून चित्रपट टिकला.

या पसंतीला चित्रपटाच्या व्यवसायात रूप मिळाले ते आठवड्यांच्या हिशेबाने. पंचवीस आठवडे चालला की रौप्यमहोत्सव आणि पन्नास आठवडे चालला की सुवर्णमहोत्सव, ही मोजणी म्हणजे एका गावातल्या एका चित्रपटगृहात लोकांचे बोलणे किती काळ पुरले याची मोजणी होती. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. जाहिरातीच्या बळावर कोणताही चित्रपट अडीच वर्षे चालत नाही. एकाने पाहावा, घरी सांगावे, घरच्यांनी पाहावा, पाहुण्यांना दाखवावा आणि पाहुण्यांनी आपल्या गावी जाऊन त्याचे वर्णन करावे, अशा साखळीतूनच ते शक्य होते, आणि या साखळीला व्यवसायातले लोक ‘माउथ पब्लिसिटी’ म्हणतात. जत्रेत तंबू ठोकून खेळ करणाऱ्या टुरिंग टॉकीजने ही साखळी जिथे पक्के चित्रपटगृह नव्हते अशा गावांपर्यंत नेली. तिथे चित्रपट वर्षातून मोजक्या दिवशी येई आणि त्याच्याविषयीचे बोलणे मात्र पुढच्या जत्रेपर्यंत चाले.

लेखी समीक्षा आणि हे बोलणे यांचा मेळ बसला नाही, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. मुंबईत घडलेले सर्वांत ठळक उदाहरण हिंदी चित्रपटाचे आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’चे वृत्तपत्रांतील स्वागत थंड होते आणि पहिल्या दिवसांत व्यवसायातल्या जाणकारांनीही त्याला अपयशी ठरवले होते. पुढे लोक त्यातील संवाद तोंडपाठ म्हणू लागले, संवादांची ध्वनिमुद्रिका बाजारात आली आणि ती घरोघरी, हॉटेलांत, लग्नाच्या मांडवात वाजू लागली. संवाद म्हणून दाखवणे हाच त्या काळी मत सांगण्याचा प्रकार झाला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात ‘शोले’ पाच वर्षे टिकला. पहिल्या आठवड्यातच त्याला उतरवले गेले असते, तर हे बोलणे सुरू होण्याआधीच संपले असते, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मराठीत याहून अधिक विचार करायला लावणारे उदाहरण विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’चे (१९९१) आहे. एका राजस्थानी चित्रपटावर आधारलेला, सासुरवासाची परिसीमा दाखवणारा आणि अलका कुबल यांना घराघरांत नेणारा हा चित्रपट सुशिक्षित वर्तुळात आजही भडक म्हणून बाजूला सारला जातो, आणि कलाकृती म्हणून त्याची मांडणी ठोकळेबाज आहे हे मान्यच करावे लागते. परंतु गावोगावच्या बायका गटाने जाऊन तो पाहत होत्या, डोळे पुसत बाहेर येत होत्या आणि ‘लई रडवलं’ एवढ्याच शब्दांत त्याची शिफारस करीत होत्या, त्याचा अर्थ समीक्षेने नीट लावला नाही. स्वतःच्या सासरी काय भोगले हे उघडपणे सांगण्याची सोय ज्या घरांत नव्हती, तिथे पडद्यावरच्या सुनेविषयी बोलणे ही एक वाट होती. नायिकेच्या नावाने आपले सांगता येत होते आणि सासूच्या समोर सांगता येत होते. अशा वेळी चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि चित्रपटाने कोणाला बोलते केले हा प्रश्न पुढे येतो. तो न विचारणारी समीक्षा कितीही जाणती असली तरी अपुरी आहे.

सहज बोलण्याला शिस्त लावण्याचा मोठा प्रयत्न फिल्म सोसायटी चळवळीने केला. फिल्म सोसायटी म्हणजे सभासदांनी वर्गणी काढून देशोदेशीचे चित्रपट दाखवणारी आणि खेळानंतर त्यांवर चर्चा घडवणारी संस्था. १९४७ मध्ये सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात सुरू झालेल्या सोसायटीनंतर हे लोण देशभर पसरले. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले आणि ‘वास्तव रूपवाणी’ या नियतकालिकातून त्याने मराठीत चित्रपटाविषयी लिहिण्याची एक भाषा रुजवली. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाल्याने आणि तेथील रसग्रहणवर्गांमुळे शिक्षक, कारकून, डॉक्टर, विद्यार्थी अशा मंडळींना कॅमेऱ्याची जागा, संकलनाची लय, ध्वनीचा वापर यांविषयी बोलता येऊ लागले. या चळवळीचे ऋण मोठे आहे. तिची एक मर्यादाही सांगितली पाहिजे : तिने घडवलेला प्रेक्षक आपल्या शेजाऱ्याशी त्याच्या आवडत्या चित्रपटाविषयी बोलायला फारसा उत्सुक राहिला नाही, आणि दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१) पाहून पोट धरून हसणारा प्रेक्षक व महोत्सवाचा प्रेक्षक यांच्यातला संवाद तुटला तो बराच काळ तुटलेलाच होता.

एकविसाव्या शतकातील मराठी चित्रपटांनी हा दुरावा काही अंशी कमी केला. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने (२००४) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, पण ज्यांनी गावाकडच्या रुग्णाला घेऊन मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात दिवस काढले होते, त्यांनी त्यातील आजोबांची गोंधळलेली नजर ओळखली, आणि तेच ओळखणे एकमेकांना सांगितले गेले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’विषयी (२०१५) ‘काहीच घडत नाही’ अशी तक्रार अनेकांनी केली, आणि लांब, स्थिर दृश्यांची सवय नसलेल्या प्रेक्षकाची ती तक्रार प्रामाणिक होती. ज्याने तारखांसाठी न्यायालयाचे खेटे घातले आहेत त्याला मात्र तीच दृश्ये खरी वाटतात, कारण न घडणे हाच तिथला अनुभव आहे. धनुर्धराने धनुष्य पारखावे तसेच हे आहे.

नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांत ही पारख आणखी खोल जाते. ‘फँड्री’मध्ये (२०१४ मध्ये प्रदर्शित) डुक्कर पकडण्याच्या ऐन धांदलीत शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि डुक्कर पकडणारे सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते, आणि शेवटी त्या कुटुंबातल्या जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याकडे, म्हणजे पाहणाऱ्याकडे येतो. या दगडाविषयी कोण काय बोलला, तो कोणाला लागला आणि कोणाला लागलाच नाही, यावरून बोलणाऱ्याचे गावातले घर कोणत्या बाजूला होते हे कळत असे. करमाळा परिसरात चित्रित झालेला ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी आला, तेव्हा पहिल्या भागातील गाण्यावर लोक खुर्च्यांमधल्या वाटेत नाचले आणि शेवटच्या निःशब्द दृश्यानंतर तेच लोक न बोलता बाहेर पडले. मानुषी आणि दैवी अशा दोन्ही सिद्धी एकाच खेळात दिसल्याचे इतके उघड उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. त्यानंतर पारावर, वसतिगृहांत आणि घरांत जे वाद झाले ते चित्रपटाच्या लांबीविषयी किंवा अभिनयाविषयी कमी आणि जात, मुलीचा निर्णय व घराण्याची प्रतिष्ठा यांविषयी अधिक होते. ज्यांनी शेवट ‘उगाच दाखवला’ असे म्हटले आणि ज्यांनी ‘असेच होते’ असे म्हटले, त्यांच्यातले अंतर रसिकतेचे नव्हते.

आजची अडचण मतांच्या तुटवड्याची नसून त्यांच्या घाईची आहे. बहुपडदा चित्रपटगृहांत शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाचे भवितव्य रविवार रात्रीपर्यंतच्या तिकीटविक्रीवर ठरते; विक्री कमी दिसली की सोमवारपासून खेळ कमी होतात किंवा अडचणीच्या वेळेला ढकलले जातात. जाहिरातीला पैसा असलेला मोठा चित्रपट हे तीन दिवस लोकांच्या मताशिवायही निभावून नेतो, पण छोट्या मराठी चित्रपटाला जे बोलणे तारू शकते ते सुरू व्हायलाच आठवडा लागतो. २०१५ मध्ये राज्य शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपटाला मुख्य वेळेत जागा द्यावी असे ठरवले, ते आवश्यकच होते. तथापि पहिल्या आठवड्यात मिळालेली वेळ दुसऱ्या आठवड्यात टिकली नाही तर तिचा उपयोग मर्यादित राहतो. दुसरीकडे पहिला खेळ संपण्यापूर्वीच मोबाइलवर चांदण्या आणि एका शब्दाचे निकाल फिरू लागतात. पाचापैकी अडीच चांदण्या या मतात चित्रपटातील एकही माणूस, एकही प्रसंग नसतो. ‘मध्यंतरानंतर ढेपाळतो’ या साध्या वाक्यात निदान कोठे ढेपाळतो ते तरी सांगितलेले असते.

बोलण्याचे बळ मात्र संपलेले नाही, हे केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने (३० जून २०२३) दाखवून दिले. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही गोष्ट पाहायला बायका मैत्रिणींना, बहिणींना, सासूला घेऊन आल्या, नटूनथटून आल्या, आणि पाहून गेलेल्या बायकांनी पुढच्या गटाला पाठवले. चित्रपटाच्या पटकथेत सैल जागा आहेत. तरीही घरातल्या न बोललेल्या रुसव्यांवर त्याने नेमके बोट ठेवले आणि त्याची खूण ज्यांना पटली त्यांनीच तो चालवला.

सुटीच्या निमित्ताने जे वाचक एखादा मराठी चित्रपट पाहतील, त्यांनी तो शक्यतो पहिल्या आठवड्यात आणि जमल्यास सोमवार ते गुरुवारच्या एखाद्या खेळाला पाहावा, कारण पुढच्या आठवड्याचे खेळ त्या दिवसांच्या गर्दीवरही ठरतात. आवडला असेल किंवा नसेल, तरी आपल्या कामातून, गावातून, घरातून त्यातील जे खरे किंवा खोटे वाटले असा एक तरी प्रसंग चार माणसांना सांगावा, आणि त्यांचा प्रसंग वेगळा निघाला तर तो ऐकून घ्यावा.