बंदिस्त हेडफोनची निवड

भरल्या घरांत एकट्यानें गाणें ऐकावयाचें, तर बंद पाठीचा हेडफोनच बरा. उघड्या पाठीचा कितीही मोकळा वाजला, तरी शेजारीं अभ्यासास बसलेल्या मुलास त्याचा उपद्रवच होतो. ‘ऑडिओ-टेक्निका’चा एम ५० एक्स ३८ ओहमचा, तो मोबाइलवरही खणखणीत वाजतो. ‘बायरडायनॅमिक’च्या डीटी ७७० प्रोच्या मखमली गाद्या कानांस अधिक सुखद, परंतु त्याचा २५० ओहमचा प्रकार निराळ्या ॲम्प्लिफायरवांचून दबलेलाच राहतो, ८० ओहमचा त्या मानानें सोयीचा.

खरी मेख मात्र गादीच्या बसण्यांत आहे. चष्म्याच्या काडीनें फट राहिली, कीं खर्ज निसटलाच (आमच्यासारख्या चष्मेवाल्यांनीं हें विशेष ध्यानीं धरावें). सबब दुकानांत चष्मा लावूनच तानपुरा ऐकावा, आणि खर्जाची तार ज्यांत भरीव लागेल तोच घरीं आणावा.