पूर्वजशोध, इंग्लंडहून कॅनडात गेलेल्यांचा

इंग्लंड सोडून कॅनडात कायम वस्तीस गेलेल्या व्यक्तींचे मूळ गाव, मातापिता, प्रवासाचे वर्ष व नव्या देशातील वास्तव्य यांचा कागदोपत्री पुराव्याच्या आधारे घेतलेला शोध. वंशावळशास्त्राच्या या उपयोजित शाखेत एक विसंगती प्रथमच लक्षात येते. स्वखर्चाने व स्वेच्छेने गेलेल्या इंग्रज कुटुंबांविषयी कागदपत्रे तुटपुंजी आहेत; उलट ज्यांना या बाबतीत कोणी विचारलेही नाही, त्या निराधार मुलांविषयी ती सविस्तर आढळतात. कॅनडात उतरणारा इंग्रज हा साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाणारा प्रजाजन मानला जाई. कॅनडाचे स्वतंत्र नागरिकत्व १ जानेवारी १९४७ रोजी अस्तित्वात आले. तोपर्यंत इंग्रजास नागरिकत्वासाठी अर्ज करण्याचे कारण नव्हते. त्यामुळे जर्मन किंवा युक्रेनियन स्थलांतरितांच्या बाबतीत उपयोगी पडणारे नागरिकीकरणाचे कागद त्याच्या बाबतीत बहुधा मिळत नाहीत.

नेपोलियनच्या युद्धांनंतर इंग्लंडमधील शेतमजुरांत बेकारी वाढली आणि स्थलांतरास वेग आला. १८३२ ते १८३७ या काळात ससेक्समधील पेटवर्थ येथील समितीने सु. १,८०० लोकांना अपर कॅनडात (सध्याच्या आँटॅरिओ प्रांतात) पाठविले. १८३४ च्या दरिद्री साहाय्य कायद्यान्वये पॅरिशांना अशा प्रवासाचा खर्च करता येऊ लागला. या मार्गाने गेलेल्यांची नावे पॅरिशच्या हिशेबवह्यांत व दरिद्री साहाय्य मंडळांच्या पत्रव्यवहारात सापडतात. पुढे १८७२ च्या जमीन कायद्याने पश्चिमेकडील प्रेअरी प्रदेशात १० डॉलर शुल्क भरून १६० एकर जमीन मिळू लागली. १९०३ मध्ये सु. २,००० इंग्रजांचा बार वसाहत म्हणून ओळखला जाणारा जथा सस्कॅचेवनकडे गेला व त्यातून लॉइडमिन्स्टर हे गाव वसले. स्थलांतराचा सर्वांत मोठा लोंढा पहिल्या महायुद्धापूर्वीच्या दशकातील होय.

शोधाची दिशा उलटी, म्हणजे कॅनडाकडून इंग्लंडकडे असावी लागते. इंग्लंडमधील जन्मनोंदणी १ जुलै १८३७ पासूनची आणि पॅरिशच्या नोंदवह्या काही ठिकाणी १५३८ पासूनच्या आहेत. त्या विपुल असल्या, तरी गाव ठाऊक नसल्यास विशेष उपयोगाच्या नाहीत. एकाच नावाच्या डझनभर व्यक्ती एकाच परगण्यात आढळतात. म्हणून कॅनडातील कागदांतून प्रथम गावाचे नाव हस्तगत करावे लागते. जनगणनेत जन्मस्थान म्हणून बहुधा केवळ ‘इंग्लंड’ एवढेच लिहिलेले असते. तथापि १९०१ पासूनच्या जनगणनेत आगमनाचे वर्ष विचारलेले असल्याने जहाजांच्या याद्या चाळण्याचे श्रम बरेच कमी होतात. कॅनडाची १९३१ ची जनगणना ९२ वर्षांच्या गोपनीयतेनंतर जून २०२३ मध्ये खुली झाली. इंग्लंडची त्याच वर्षाची जनगणना मात्र १९४२ मध्ये आगीत भस्मसात झाल्याने त्या दशकात दोन्ही बाजू जुळविता येत नाहीत. आँटॅरिओतील विवाहनोंदीत (१८६९ पासून) वधूवरांच्या मातापित्यांची नावे असतात. थडग्यावरील लेख व स्थानिक वृत्तपत्रांतील मृत्युवार्ता यांत गावाचा उल्लेख येण्याची शक्यता अधिक, कारण ती माहिती कुटुंबीयांनीच दिलेली असते. पहिल्या महायुद्धातील कॅनडाच्या सैन्यात आरंभी ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांचेच आधिक्य होते. त्या सैन्यातील सहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या सेवा-संचिका आता संगणकावर पाहता येतात. त्यांतील भरतीपत्रात जन्मस्थान व जवळच्या नातलगाचा पत्ता असतो. जन्मतारीख मात्र पारखून घ्यावी. भरतीसाठी वय वाढवून किंवा घटवून सांगणारे पुष्कळ होते.

प्रवासी-याद्यांवर नवशिक्या संशोधकाची भिस्त फार असते. प्रत्यक्षात त्या कित्येकदा निराश करतात. क्वेबेक बंदरातील याद्या १८६५ पासून उपलब्ध आहेत. त्यापूर्वी त्या जतन करण्याचे बंधनच नव्हते. हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी गोठत असल्याने जहाजे हॅलिफॅक्स व सेंट जॉन या बंदरांना लागत. म्हणून आगमनाचा महिना ठाऊक असल्यास कोणती यादी पाहावयाची, हे ठरविता येते. न्यूयॉर्कमार्गे येणारेही अनेक असत. ब्रिटनहून निघालेल्यांच्या याद्या (१८९० ते १९६०) लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १९१९ ते १९२४ या अल्पकाळात कॅनडात प्रत्येक प्रवाशाचा स्वतंत्र नमुना-अर्ज भरून घेत. मायदेशातील जवळच्या नातलगाचे नाव व पत्ता त्यात असल्याने तो सर्वांत मोलाचा ठरतो. बंदरावरील अधिकाऱ्याने आडनाव बदलल्याची कथा अनेक घराण्यांत सांगितली जाते; परंतु यादी मुळात जहाज कंपनीकडे तयार होत असे, त्यामुळे अशी कथा सहसा खरी निघत नाही.

‘होम चिल्ड्रन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलांचे प्रकरण याहून सर्वस्वी वेगळे आहे. १८६९ मध्ये मरिया राय हिने मुलींची पहिली तुकडी कॅनडात नेली व नायगारा-ऑन-द-लेक येथे वसतिगृह उघडले. पुढील वर्षी ॲनी मॅक्‌फर्सन हिने, तर १८८२ मध्ये टॉमस बार्नार्डो याच्या संस्थेने हे कार्य हाती घेतले. १९४८ पर्यंत सु. १ लाख मुले अशा रीतीने पाठविली गेली; त्यांपैकी सु. ३० हजार एकट्या बार्नार्डो संस्थेची होती. ती अनाथ असल्याचा समज चुकीचा आहे. बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांपैकी एक तरी हयात होते. दारिद्र्य, आजार किंवा वैधव्य यांमुळे त्यांना संस्थेत ठेवलेले असे. काही पालकांना जहाज सुटल्यानंतरच तशी सूचना पाठविली जाई. मुलगे शेतावर व मुली घरकामास करारावर दिल्या जात. सख्ख्या भावंडांची ताटातूट ही नित्याची बाब होती. निरीक्षक अँड्रू डॉयल याने १८७५ च्या अहवालात मुलांवर पुरेशी देखरेख नसल्याबद्दल कडक टीका केली. त्यामुळे श्रमगृहांतील मुले पाठविणे काही वर्षे थांबले. खाजगी संस्थांचे काम मात्र चालूच राहिले. मार्गारेट बॉन्डफील्ड हिच्या अध्यक्षतेखालील शिष्टमंडळाच्या शिफारशीनंतर कॅनडाने १९२५ मध्ये चौदा वर्षांखालील एकट्या मुलांच्या प्रवेशास बंदी घातली. तरीही १९३५ मध्ये ब्रिटिश कोलंबियात सुरू झालेल्या फेअरब्रिज शेतकी शाळेत लहान मुले येत राहिली.

या मुलांपैकी अनेकांनी आपले पूर्वायुष्य पत्नीला वा मुलांनाही सांगितले नाही. रस्त्यावरची, रोगट, गुन्हेगार बीजाची मुले असा त्यांच्यावर शिक्का बसलेला होता. पुष्कळांना स्वतःची खरी जन्मतारीख ठाऊक नव्हती, आणि आईने आपल्याला टाकून दिले, असे कित्येकांनी आयुष्यभर मानले. आजोबांच्या मृत्यूनंतर नातवंडांनी शोध सुरू केला, तेव्हा संस्थेच्या संचिकेत आईने मुलाची चौकशी करणारी पत्रे निघाल्याची उदाहरणे आहेत. संचिकेत सामान्यतः प्रवेशाचे कारण, कुटुंबाची स्थिती, जहाज व तारीख, मालकांची नावे आणि भेटीस गेलेल्या निरीक्षकाचे शेरे असतात. बार्नार्डोने १८७४ पासून मुलांची छायाचित्रेही काढविली. आजोबांच्या बालपणीचे एकमेव चित्र म्हणून वंशजांना ती अमोल वाटतात. हे सर्व कागद संस्थेने आपल्या सोयीसाठी लिहिलेले आहेत, हे विसरता कामा नये. विशेषतः पालकांच्या चारित्र्याविषयीचे शेरे जनगणना व विवाहनोंदी यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नयेत. कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने जहाजांच्या याद्यांवरून या मुलांची नामसूची तयार केली असून शोधाचा आरंभ तिच्यापासून करणे सोयीचे असते. मूळ संचिका त्या त्या संस्थेकडे किंवा तिच्या उत्तराधिकारी संस्थेकडे असतात व नाते सिद्ध केल्यावरच वंशजांना त्यांच्या प्रती मिळू शकतात. ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी २४ फेब्रुवारी २०१० रोजी, तर कॅनडाच्या लोकसभागृहाने फेब्रुवारी २०१७ मध्ये या मुलांची क्षमा मागितली.

विवाहबाह्य जन्म झालेल्या मुलाच्या इंग्लंडमधील जन्मदाखल्यात पित्याच्या नावाचा रकाना बहुधा मोकळा असतो. अशा ठिकाणी पूर्वी शोध थांबत असे. अलीकडे वंशजांच्या जनुकीय चाचण्यांवरून इंग्लंडमधील दूरच्या चुलत नातलगांचा पत्ता लागतो व त्यांच्या वंशावळींवरून त्या मोकळ्या रकान्यातील नावाविषयी सबळ अनुमान करता येते.