हृदयशल्यविशारदांची भिंगे : निवड कशी करावी?

धान्याच्या व्यापारात चाळणीची निवड धान्य पाहून करावी लागते. गव्हाची चाळणी मोहरीस चालत नाही आणि मोहरीची गव्हास. सर्वांत बारीक छिद्रांची ती सर्वांत उत्तम, असे आपल्यांपैकी कोणी म्हणणार नाही. परंतु रुग्णालयास उपकरण देण्याचा प्रसंग आला म्हणजे हाच व्यापारी ‘सर्वांत शक्तिमान असेल ते द्या’ असे म्हणू लागतो. हृदयावरील शस्त्रक्रियेच्या वेळी शल्यविशारद जी जोडभिंगे डोळ्यांवर चढवितात, ज्यांस इंग्रजीत ‘लूप’ म्हणतात, त्यांच्या बाबतीत हा समज फसवा आहे. सभासदांपैकी अनेकजण रुग्णालयांस साहाय्य करतात व कित्येकांच्या घरची मुलेमुली शल्यवैद्यक शिकत आहेत. म्हणून हा विषय येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या भिंगांची गरज का पडते ते पाहू. हृदयास रक्त पुरविणारी धमनी तुंबली असता तिच्या पलीकडे दुसरी रक्तवाहिनी जोडून रक्तास नवा मार्ग करून देतात. अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये 1967 साली पायातील शीर वापरून या शस्त्रक्रियेचा पाया घातला. जेथे जोड द्यावयाचा, तेथे धमनीची रुंदी बहुधा दीड ते दोन मिलिमीटर असते. म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही कमी. टाके घालावयाचा ‘सात-शून्य’ क्रमांकाचा धागा सुमारे 0.05 ते 0.07 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे साधारण केसाएवढा वा त्याहून बारीक. एखादा टाका चुकून समोरच्या भिंतीत अडकला, तर नवा मार्ग तेथेच बंद होतो. नुसत्या डोळ्यांनी हे काम निर्धास्तपणे होणे कठीण.

मग जितके मोठे दिसेल तितके चांगले, असे का नव्हे? याचे कारण प्रकाशशास्त्रात आहे. भिंगाची शक्ती वाढली की तीन गोष्टी घटतात. एक, दृष्टीत मावणारे क्षेत्र आक्रसते. दोन, किती खोलीपर्यंतचे सर्व एकदम स्पष्ट दिसेल ती मर्यादा कमी होते. मान थोडी पुढेमागे झाली तरी चित्र पुसट होते. तीन, डोळ्यांपर्यंत पोहोचणारा प्रकाश कमी पडतो. शिवाय हाताचा किंचित कंपही मोठा होऊन दिसतो. न्यूयॉर्कचे डॉ. जॉर्ज ग्रीन यांनी 1968 साली छातीच्या आतील धमनी हृदयाच्या धमनीस जोडताना सूक्ष्मदर्शक यंत्र वापरले होते. त्यांचे काम मोलाचे ठरले. तथापि बहुतेक हृदयशल्यविशारदांनी पुढे डोळ्यांवरील भिंगेच पत्करली. यंत्र अवजड असते आणि त्यातून पाहताना सभोवतालच्या क्षेत्राचे भान सुटते.

या भिंगांचे मुख्य प्रकार दोन. पहिला गॅलिलिओच्या दुर्बिणीच्या तत्त्वावरचा : पुढे बहिर्गोल व डोळ्यांजवळ अंतर्गोल भिंग. हा आखूड, हलका व तुलनेने स्वस्त. त्याची शक्ती बहुधा अडीच ते साडेतीन पट असते. दुसरा केप्लरच्या तत्त्वावरचा : दोन्हीकडे बहिर्गोल भिंगे, आणि उलटे दिसणारे चित्र सरळ करण्यास मध्ये काचेचे लोलक. यात चित्र कडेपर्यंत स्वच्छ दिसते व शक्ती चार-पाच पट वा अधिक मिळते. परंतु वजन व किंमत दोन्ही वाढतात. झडपांच्या व इतर सर्वसाधारण हृदयशस्त्रक्रियांस अडीच ते साडेतीन पट पुष्कळांस पुरते. बारीक धमन्यांच्या जोडणीस साडेतीन ते साडेचार पट अनेकजण पसंत करतात.

शक्तीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मापांस आहे. डोळ्यांपासून कामाच्या जागेपर्यंतचे अंतर भिंगात कायमचे बसविलेले असते. हृदयशल्यविशारद उभे राहून छातीच्या पोकळीत खोल काम करतात. त्यांस हे अंतर दंतवैद्यांपेक्षा बहुधा अधिक लागते, आणि उंच व्यक्तीस त्याहून अधिक. अंतर आखूड ठेविले, तर मनुष्य तासन् तास वाकून उभा राहतो. भिंग खाली किती कललेले आहे यावर मान किती झुकवावी लागेल हे ठरते. मानेचे व पाठीचे दुखणे हा या व्यवसायाचा मोठा शाप आहे. त्यामुळे अलीकडे लोलकाने दृष्टिकिरण वळवून मान सरळ ठेवू देणारी भिंगेही निघाली आहेत. दोन बाहुल्यांमधील अंतरही नेमके मोजावे लागते, नाही तर दोन डोळ्यांची चित्रे एक होत नाहीत व डोके दुखू लागते. कपाळावरच्या दिव्याचा झोत दृष्टीच्या रेषेत पडावा लागतो, अन्यथा खोल जागी सावली येते. आणि त्या दिव्याचे वजनही हिशेबात धरावे लागते.

बसविण्याच्या पद्धतीही दोन आहेत. चष्म्याच्या काचेतच पक्के बसविलेले भिंग हलके असते व दृष्टिक्षेत्र मोठे देते. परंतु ते एकाच व्यक्तीचे होऊन राहते, आणि चष्म्याचा नंबर बदलल्यास बहुधा निर्मात्याकडे परत धाडावे लागते. बिजागरीवर वर उचलता येणारे भिंग थोडे जड, पण बाहुल्यांच्या अंतराप्रमाणे सरकविता येते. अनेकांनी आळीपाळीने वापरावयाचे असेल तर दुसरे, एकाच्या नित्य वापरास बहुधा पहिले योग्य.

यावरून देणगीदारांनी घ्यावयाचा बोध सरळ आहे. तयार पेटी विकत घेऊन समारंभात भेट देऊ नये. ज्यांनी ती वापरावयाची त्यांस रकमेची मर्यादा सांगावी, शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या उंचीला उभे करून त्यांची मापे घेववावीत, दोन-तीन प्रकार काही दिवस वापरून पाहू द्यावेत, आणि दुरुस्तीची सोय कोठे आहे हे विचारावे. निवड त्यांची, खर्च आपला. रक्कम थोडी उरली तर ती चांगल्या दिव्यास द्यावी. कारण अंधारात शक्तिमान भिंगाचाही उपयोग होत नाही. आपण दिलेले भिंग कपाटात पडून राहिले, तर फलकावर नाव राहील, पण ज्याच्यासाठी पैसा दिला त्या रुग्णाच्या पदरी काहीच पडणार नाही.