पंधरा तासांचा हिशेब

आत्याच्या ऑक्सिजन मशीनवर एक छोटा आकडा असतो. गाडीचा आकडा किलोमीटर मोजतो, हा तास मोजतो. मशीन बसवून साठ दिवस झाले तेव्हा देखभालीला आलेल्या मुलाने तो वहीत उतरवून घेतला : ३७२. डॉक्टरांनी रोज १५ तास सांगितले होते, म्हणजे ९०० हवे होते. मुलगा काही बोलला नाही. मागची जाळी काढून नळाखाली धुतली, खिडकीत वाळत ठेवली आणि गेला. आत्या कानामागची नळी सारखी करत म्हणाली, "अरे, बरं वाटलं की बंद करते. एवढं लाइट बिल कोण भरणार?"

त्या रात्री मी वही घेऊन हिशेब मांडायला बसलो.

आपल्या योगपरंपरेने माणसाचे दिवसाचे श्वास २१,६०० धरले आहेत. मिनिटाला १५ श्वास धरले तर गणित तंतोतंत जुळते. दर श्वासाला अर्धा लिटर हवा, म्हणजे दिवसाला सुमारे १०,८०० लिटर. ही हवा ज्या वायुकोशांत उतरते ते दोन्ही फुप्फुसांत मिळून किमान ३० कोटी आहेत. त्यांचा पडदा उलगडून पसरला तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट भरेल. पुण्यातला आटोपशीर टू-बीएचके! आणि या पडद्याची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, केसाच्या शंभराव्या भागाहून कमी.

आत्याला झालेल्या सीओपीडी या आजारात वायुकोशांमधल्या भिंतीच कोसळत जातात. छोट्या छोट्या खोल्यांचे मोठे दालन होते. जागा तेवढीच राहते, पण ऑक्सिजन रक्तात जायचा तो भिंतींतून, आणि त्याच गेलेल्या असतात. श्वासनळ्याही अरुंद होतात. मिनिटाला १५ ऐवजी २५ श्वास घ्यावे लागले तर दिवसाचे ३६,००० होतात. चालण्या-बोलण्याआधीच माणूस दमतो तो यामुळे.

२०१६ सालच्या अंदाजानुसार भारतात असे ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते. जगात २०२१ मध्ये या आजाराने सुमारे ३५ लाख माणसे गेली, म्हणजे दर नऊ सेकंदांना एक. हा विडी-सिगारेटवाल्यांचा आजार अशी आपली समजूत आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. आत्याने चाळीस वर्षे चुलीपुढे फुंकणी धरली. विडी तिने हातातही घेतली नाही.

तिच्या मशीनच्या पोटात झिओलाइटचे बारीक दाणे भरलेली दोन नळकांडी आहेत. एका ग्रॅम दाण्यांत शेकडो चौरस मीटरचा आतला पृष्ठभाग असतो. दाबाखाली आलेल्या हवेतला नायट्रोजन तिथे अडकतो आणि पुढे निघतो ९० टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन. मिनिटाला २ लिटर, १५ तास : दिवसाचे १,८०० लिटर. त्यासाठी निदान आठ हजार लिटर हवा मशीनला ओढावी लागते. सात हजार लिटरचा जंबो सिलिंडर लावला असता तर तो चार दिवसही पुरला नसता.

ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांना अनेकदा रात्री मास्कमधून दाबाने हवा देणारा बायपॅपही लागतो. त्याचा दाब केवढा? वीस सेंटीमीटर खोल पाण्यात बुडवलेल्या नळीतून बुडबुडा काढायला लागतो साधारण तेवढा. आठ तासांच्या झोपेत तो हजारो वेळा हा धक्का देतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ११६ रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांना पुन्हा रुग्णालय किंवा मृत्यू गाठायला मध्यक (मीडियन) १.४ महिने लागले, सोबत बायपॅप असलेल्यांना ४.३.

पण मला हलवून गेला तो १९८१ चा आकडा. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ८७ रुग्ण घेतले. त्यातल्या ४२ जणांना घरी रोज किमान १५ तास ऑक्सिजन दिला, ४५ जणांना दिला नाही. पाच वर्षांत ऑक्सिजनवाले १९ गेले, बिनऑक्सिजनवाले ३०. डॉक्टर सांगतात ते १५ तास इथून आले आहेत. आणि बरे वाटते की नाही याच्याशी त्या तासांचा संबंध नाही. ऑक्सिजन सतत कमी पडला की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, तो आत्याला जाणवत नसतानाही येतो.

आता बिल. ३५० वॉटचे मशीन १५ तास चालले की रोज सव्वापाच युनिट, महिन्याला १५७. आत्याचे घर एरवी शंभर युनिटांच्या आत बसते, मशीनमुळे वरच्या, बऱ्याच महाग टप्प्यात जाते. इंग्लंडमध्ये घरच्या कॉन्सन्ट्रेटरला लागलेल्या विजेचे पैसे रुग्णाला परत मिळतात. आपल्याकडेही ते मिळायला हवेत. विजेच्या भीतीने कोणी श्वास काटकसरीने घ्यावा, हे मला मान्य नाही.

आम्ही भावंडांनी आता बिल वाटून घेतले आहे. लांब नळी आणली आहे. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि तिथेच खुर्ची टाकून बसते, कारण पुढे गॅस आहे आणि ऑक्सिजनजवळ ज्योत चालत नाही. देवापुढचे निरांजनही सून लावते.

तुमच्या घरी असे मशीन असेल तर आज त्याच्यावरचा तासांचा आकडा बघा, मागच्या वेळचा त्यातून वजा करा आणि मधल्या दिवसांनी भागा. डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा कमी आले तर रागावू नका, जवळ बसून कारण विचारा. आणि दम लागला म्हणून लिटरचे बटण मनाने वाढवू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.