तक्रारीबरोबर काय आणलंत?

मार्च २०२४च्या अखेरीस अँड्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा प्रोग्रॅमर एका बारीकशा विलंबाच्या मागे लागला. त्याच्या यंत्रावर एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षितपणे, लॉगइन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त जात होता. एवढ्यावर कुणी थांबत नाही. तो थांबला, मोजमाप घेतलं, प्रोसेसर नेमका कुठे खर्ची पडतोय ते पाहिलं आणि धागा पकडून एक्सझेड या लायब्ररीपर्यंत पोहोचला. फाइलींचा आकार लहान करणारी ही लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. २९ मार्चला फ्रॉइंडने पुराव्यांसह सगळं जाहीर केलं. तोवर हा प्रकार काही लिनक्सच्या चाचणी-आवृत्त्यांपर्यंत पोहोचला होता, तो तिथेच अडवला गेला. मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासातल्या सर्वांत मोलाच्या बग रिपोर्टांत मी त्याची गणना करतो.

पण तो दरवाजा आत आला, तोही तक्रारींच्याच वाटेने. एक्सझेड सांभाळणारा लासे कॉलिन हा फिनलंडचा प्रोग्रॅमर वर्षानुवर्षं हे काम जवळजवळ एकट्याने करत होता. २०२१पासून ‘जिआ टॅन’ या नावाने कुणीतरी पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवू लागलं. २०२२मध्ये आणखी काही नावांनी तगादा सुरू झाला: पॅच पडून आहेत, प्रगती थांबली आहे, झेपत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. आपल्याला दीर्घकाळ मानसिक त्रास आहे आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, असं कॉलिनने त्या जूनमध्ये उघडपणे लिहिलं. तगादा तरीही चालूच राहिला. पुढे जिआ टॅनकडे अधिकार गेले, आणि चोरदरवाजा त्याच वाटेने आत आला. तगादा लावणारी ती नावं एरवी कुठेच आढळत नाहीत, त्यामुळे तीही कटाचाच भाग असावीत असं बहुतेक जाणकार मानतात. मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी वाटते. ती पत्रं कुणाला संशयास्पद वाटली नाहीत, कारण असे प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरांना अशी पत्रं एरवीही येतच असतात.

कर्लचा कर्ता डॅनियल स्टेनबर्ग याचं टपाल पाहिलं तर हे पटतं. नेटवरून माहिती आणणारं-पाठवणारं कर्ल फोनमध्ये, टीव्हीत, मोटारीत, सगळीकडे आहे. परवान्यात त्याचा ईमेल पत्ता असल्यामुळे मोटारीतली यंत्रणा बिघडलेले लोकही त्यालाच लिहितात. २०२१मध्ये एकाने त्याला जिवे मारण्याची धमकी पाठवली. जानेवारी २०२२मध्ये, लॉगफोरजे या लायब्ररीतल्या दोषाने जग हादरलं असताना, एका बड्या अमेरिकी कंपनीने त्याला प्रश्नावली धाडली आणि चोवीस तासांत उत्तरं मागितली. कर्लमध्ये लॉगफोरजे नाहीच. शिवाय त्या कंपनीने त्याला कधी पैही दिलेली नव्हती. आपण सपोर्टचा करार करा, मग आनंदाने उत्तरं देतो, असं त्याने कळवलं.

सामान्य वापरकर्त्याचा राग मी समजू शकतो. त्याचं काम अडलेलं असतं आणि पलीकडे पगारी खातं आहे की रात्री जागणारा एक माणूस, हे त्याला पडद्यावर दिसत नाही. त्याने नीट लिहिलेला इश्यू कुणी न वाचताच एखादा बॉट ‘बरेच दिवस हालचाल नाही’ म्हणून बंद करतो, तेव्हा त्याच्यावरही अन्यायच होतो. कंपन्यांना मात्र ही सबब नाही. एप्रिल २०२४मध्ये एफएफएमपेग या व्हिडिओ-ध्वनीच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवकांनी जाहीर तक्रार केली, की मायक्रोसॉफ्टने आपल्या टीम्सशी संबंधित अडचण ‘तातडीची’ म्हणून त्यांच्याकडे नोंदवली, आणि कायमच्या कराराचा विषय निघाला तेव्हा एकरकमी काही हजार डॉलर देऊ केले. २०१४मध्ये ओपनएसएसएल या नेटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला, तेव्हा त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. दहा वर्षांत मोठ्या कंपन्यांची वृत्ती फारशी बदलली नाही, हे मला स्पष्टच म्हणायचं आहे.

चांगला रिपोर्ट कसा लिहावा हे गुपित नाही. पुटी या एसएसएच प्रोग्रॅमचा लेखक सायमन टॅथम याने १९९९मध्येच त्यावर निबंध लिहिला: बिघाड मेंटेनरच्या यंत्रावर घडवता येईल असं काही द्या, काय दिसलं ते सांगा, निदान स्वतः केलंत तरी लक्षणं कळवाच. आपल्याकडे याची फार गरज आहे. पडद्यावर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर ते मराठी डोळ्यालाच कळतं. मेंटेनरला देवनागरी येत नसेल, तर फॉन्टचं नाव, आवृत्ती, दिसणारं आणि अपेक्षित अक्षर या चारही गोष्टी आपणच पुरवायला हव्यात.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले रिपोर्ट आले आणि तोल पुरता ढळला. लिहिणाऱ्याला मिनिट लागतं, तपासणाऱ्याचे तास जातात. २०२५च्या मध्यावर स्टेनबर्गने सांगितलं, की कर्लकडे येणाऱ्या सुरक्षाविषयक रिपोर्टांपैकी सुमारे वीस टक्के असा कचरा आहे आणि खरे ठरणारे जेमतेम पाच टक्के. २०१९पासून चाललेली बक्षीस योजना अखेर जानेवारी २०२६च्या शेवटी बंद झाली. तरी याच स्टेनबर्गने २०२५च्या सप्टेंबरात एका संशोधकाचं मनापासून कौतुक केलं होतं. त्या संशोधकाने एआय साधनं वापरूनच कर्लमधल्या बऱ्याच खऱ्या चुका दाखवून दिल्या होत्या. पाठवण्याआधी कुणीतरी स्वतः तपासलं होतं, एवढाच फरक.

पैशाच्या बाबतीत थोडी हालचाल दिसते. बेंगळुरूच्या झिरोधाने २०२४मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी दरसाल दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. मला अधिक आशा वाटते ती युरोपीय संघाच्या सायबर रेझिलिअन्स कायद्याची. वापरलेल्या मुक्त घटकात दोष आढळला तर उत्पादकाने तो मेंटेनरला कळवायचा, आणि दुरुस्ती स्वतः केली असेल तर तिचा कोडही द्यायचा, असं त्यात लिहिलं आहे. बिनपगारी स्वयंसेवकांवर उत्पादकाचं ओझं टाकलेलं नाही. ही तरतूद ११ डिसेंबर २०२७पासून लागू होईल आणि युरोपात सॉफ्टवेअर विकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनाही ती पाळावी लागेल. आपल्या उत्पादनांत कुणाकुणाचं काम फुकट वापरलं आहे, याची यादी करायला त्यांनी आत्ताच बसायला हवं.