मामाच्या लग्नाची कॅसेट आणि घरचा सर्व्हर

उज्जैनच्या मराठी घरांत माळ्यावर किंवा दिवाणाच्या पोटात एक पिशवी असतेच. तिच्यात मामाच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, कुणाच्या तरी मुंजीच्या दोन मिनी-डीव्ही टेप, गणेशोत्सवातल्या नाटकाची डीव्हीडी आणि २०१६ च्या सिंहस्थात हॅंडीकॅमने घेतलेले चित्रण. घराणे राणोजी शिंद्यांच्या काळात इकडे आलेले असो की आजोबांच्या नोकरीमुळे, पिशवी सारखीच. फरक एवढाच, की ती पाहणारी मंडळी आता एका गावात नाहीत. एक भाऊ इंदूरला, बहीण पुण्यात, आतेभाऊ न्यू जर्सीत.

म्हणून हल्ली आपल्यातली तरुण मुले घरातल्या जुन्या डेस्कटॉपला मोठी डिस्क लावून त्याचा मीडिया सर्व्हर करतात. त्यावर जेलीफिन किंवा प्लेक्स टाकतात आणि सगळे चित्रण तिथे जमा करतात. उज्जैनच्या घरातल्या कपाटावर पडलेला संगणक पुण्यातल्या टीव्हीवर मामाचे लग्न दाखवू लागतो. निदान दाखवायला हवा. प्रत्यक्षात मंगलाष्टके सुरू व्हायला आणि चित्र थांबायला एकच गाठ पडते. "अगं आई, नुसतं गोल फिरतंय!" असा फोन येतो आणि कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी निकाल देऊन टाकतो: ग्राफिक्स कार्ड घ्या.

कार्ड असूनही असेच होत असेल, तर सल्ला येतो: मोठे कार्ड घ्या. थोडे थांबा. फ्रीगंजच्या दुकानात जाण्याआधी अर्धा तास घरीच घालवला, तर बहुतेक वेळा खर्च वाचतो.

आधी काय चालले आहे ते समजून घेऊ. आपल्या घरात आजी मराठीत बोलते, बाहेर हिंदी आणि माळवी. पुण्याच्या सुनेला आजीचे बोलणे थेट कळते, दुभाष्या लागत नाही. पण आलेल्या पाहुण्याला मराठी येत नसेल, तर कुणीतरी मध्ये बसून वाक्यामागून वाक्य उलगडून सांगावे लागते. चित्रफितीचेही तसेच. टीव्हीला फाइलची भाषा, म्हणजे कोडेक, कळत असेल तर सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवतो. याला डायरेक्ट प्ले म्हणतात. यात सर्व्हरला जवळजवळ काहीच श्रम नाहीत. टीव्हीला ती कळत नसेल, किंवा पलीकडचे इंटरनेट बारीक असेल, तर सर्व्हर फाइल चालता चालता दुसऱ्या कोडेकमध्ये करून पाठवतो. हे ट्रान्सकोडिंग. हे काम प्रोसेसरने केले तर तो १०० टक्के गुंतून पडतो. ग्राफिक्स कार्डात त्यासाठी वेगळा छोटा विभाग असतो, तो तेच काम फारसा न तापता करतो. इंटेलने क्विक सिंक नावाने तो २०११ मध्ये प्रोसेसरमध्येच आणला. एनव्हिडियाने एनव्हेंक नावाने २०१२ मध्ये कार्डांत दिला.

तेव्हा पहिला प्रश्न कार्डाचा नाहीच. दुभाष्या का बोलवावा लागला, हा आहे. फीत चालू असताना सर्व्हरचा डॅशबोर्ड उघडा. जेलीफिन तिथे कारण लिहून देतो: व्हिडिओ कोडेक चालत नाही, बिटरेट जास्त आहे, सबटायटल चालत नाही, वगैरे. फक्त आवाजाचे रूपांतर होत असेल तर काळजी नको, ते काम हलके असते. बऱ्याचदा दोष निघतो तो पाहणाऱ्याच्या ॲपमध्ये. तिथे गुणवत्ता कमी ठेवलेली असते, म्हणून सर्व्हर विनाकारण राबत असतो. आयफोनवर फोर-केमध्ये, सेकंदाला ३० चित्रे या दराने घेतलेले चित्रण मिनिटाला साधारण १७० एमबी होते, म्हणजे सेकंदाला २३ मेगाबिटच्या आसपास. ॲपमध्ये मर्यादा ४ मेगाबिटची असेल तर रूपांतर होणारच. दोन्हीकडे चांगले फायबर असेल तर ती मर्यादा काढा. पुष्कळ घरांतली तक्रार इथेच संपते.

रूपांतर खरोखर लागत असेल, तर ते कार्ड करते आहे का ते पाहा. प्लेक्सच्या डॅशबोर्डवर व्हिडिओच्या ओळीत कंसात 'एचडब्ल्यू' दिसायला हवे. (प्लेक्समध्ये ही सोय प्लेक्स पास घेतल्यावरच मिळते. जेलीफिनमध्ये ती फुकट आहे.) जेलीफिन प्रत्येक रूपांतराची एफएफएमपेग नावाची वेगळी नोंद ठेवतो. तिच्यात 'एनव्हेंक', 'क्यूएसव्ही' किंवा 'व्हीएएपीआय' असे शब्द आले तर कार्ड कामाला लागले आहे. 'लिबएक्स२६४' आले तर सगळा भार प्रोसेसरवर आहे. दोघांचे स्वभावही निराळे. कार्ड मिळाले नाही तर प्लेक्स मुकाट्याने प्रोसेसरवर काम ढकलतो, म्हणून फीत अडखळते. जेलीफिन बहुधा चूक दाखवून सरळ थांबतो. मला जेलीफिनचा स्वभाव बरा वाटतो. निदान कळते तरी.

कार्ड आहे, सेटिंग चालू आहे, तरी वापरले जात नाही, हा सर्वांत चिडवणारा प्रकार. लिनक्सवर याचे कारण बहुतेक वेळा परवानगी हेच असते. सर्व्हर स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि त्या वापरकर्त्याला कार्डाला हात लावायची मुभा नसते. त्याला 'रेंडर' नावाच्या गटात घालावे लागते, काही ठिकाणी 'व्हिडिओ' गटातही. मग सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. सर्व्हर डॉकरमध्ये असेल तर आणखी एक दार आहे. कंटेनरला बाहेरचे कार्ड आपोआप दिसत नाही. इंटेल किंवा एएमडी असेल तर ते उपकरण आत द्यावे लागते, एनव्हिडियासाठी वेगळे कंटेनर टूलकिट बसवावे लागते. आणि काल चालत होते, आज अपडेटनंतर बंद पडले, असे असेल तर आधी यंत्र एकदा रीस्टार्ट करा. ड्रायव्हरचा नवा भाग डिस्कवर आणि जुना स्मृतीत, अशी फारकत एनव्हिडियात नेहमी होते. त्यानेही भागले नाही तर सिक्युअर बूटकडे पाहा. सही नसलेला ड्रायव्हर तो आत येऊ देत नाही.

जुन्या कार्डांच्या बाबतीत एक गाठ मारून ठेवा. जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकेतल्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी ४७० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा होती. मॅक्सवेल आणि पास्कल पिढीसाठी, म्हणजे अनेकांकडे असलेल्या जीटीएक्स १०५० आणि १०६० साठी, ५८० ही शेवटची. नवा ड्रायव्हर टाकला आणि कार्ड दिसेनासे झाले, तर ते जळाले असे समजू नका. जुन्या शाखेवर परत जा.

आता आपल्या पिशवीकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. प्रत्येक कार्डाला ठरावीक कोडेकच वाचता येतात. मिनी-डीव्ही टेप फायरवायरने संगणकावर घेतली, तर तासाला साधारण १३ जीबीची डीव्ही फाइल होते. नेहमीच्या ग्राफिक्स कार्डांत डीव्ही वाचणारा विभागच नाही. तीस हजारांचे कार्ड लावा, मुंजीची फाइल प्रोसेसरच वाचणार! डीव्हीडीवरचे एमपेग-२ बहुतेक कार्डांना येते, पण तिथे दुसरी अडचण. आपल्याकडचे जुने चित्रण पाल पद्धतीचे, ५७६ ओळींचे, आणि एका चित्राच्या ओळी दोन हप्त्यांत येणारे, म्हणजे इंटरलेस्ड आहे. डीइंटरलेसिंग नीट झाले नाही तर नवरदेवाचा हात हलला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. तो टेपचा दोष नाही. नव्या फोनचे चित्रण तिसऱ्याच तऱ्हेचे. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसी वापरतात आणि एचडीआर चालू असेल तर ते १०-बिट असते. इंटेलमध्ये १०-बिट एचईव्हीसी नीट वाचता येते ती सातव्या पिढीपासून. सहाव्या पिढीच्या डेस्कटॉपवर मामाचे लग्न चालते आणि परवाचे बारसे अडकते, याचे उत्तर हे आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत: पिशवीतल्या जुन्या चित्रणासाठी रोज ट्रान्सकोडिंग करूच नका. मूळ फाइल डिस्कवर जपून ठेवा, शक्यतो दोन ठिकाणी. मग हॅंडब्रेकसारख्या फुकट साधनाने डीइंटरलेस करून तिची एक एच.२६४ प्रत काढा. रात्री लावून झोपा, सकाळी पोहे होईपर्यंत तयार. ही प्रत बहुतेक टीव्ही आणि फोन थेट चालवतात, दुभाष्या लागतच नाही. कार्डाची खरी गरज उरते ती फोनच्या फोर-के चित्रणाला.

ते कार्ड विकत घ्यायचेच असेल तर नावावर जाऊ नका. जीटी १०३० दिसायला छान आणि स्वस्त, पण त्यात एनव्हेंक नाही. एएमडीच्या आरएक्स ६४०० मध्येही रूपांतर करून देणारा विभाग नाही. आणि मुळात घरच्या प्रोसेसरमध्ये इंटेलचे ग्राफिक्स असेल तर पुष्कळदा तेच पुरते. प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर मात्र ते नसते. वेगळे कार्ड लावल्यावर काही मदरबोर्ड आतले ग्राफिक्स बंद करून टाकतात, बायोसमध्ये जाऊन ते चालू करावे लागते. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांवर एका वेळी किती रूपांतरे चालतील यालाही बंधन असते. अनेक वर्षे ते दोन-तीनवर होते, २०२३ मध्ये पाच झाले, २०२४ मध्ये आठ. दिवाळीच्या संध्याकाळी सगळे नातेवाईक एकदम बसले तरच त्याचा प्रश्न येईल.

उज्जैनचा उन्हाळाही हिशेबात धरा. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, संगणक गच्चीखालच्या खोलीत, वर धूळ. बरीच एनव्हिडिया कार्डे ८३ अंशांच्या आसपास पोचली की स्वतःहून वेग कमी करतात. फीत दुपारी अडकते आणि रात्री सुरळीत चालते, असे असेल तर ड्रायव्हर शोधत बसू नका, पंख्यावरची धूळ झाडा. वीज जाते-येते, म्हणून सर्व्हरला छोटा यूपीएस असावा, कार्डापेक्षा डिस्कसाठी.

शेवटचा मुद्दा सबटायटलचा, आणि तो आपल्यालाच भेडसावतो. मामाच्या लग्नातली अर्धी माणसे आज फक्त आजीला ओळखता येतात. काही घरांत नातवंडे तिला फितीसमोर बसवून नावे लिहून घेतात: "ती निळ्या शालूतली? अरे, ती माझी चुलत नणंद." मग त्या नावांची वेळेनुसार सबटायटल फाइल करतात. काम फार मोलाचे, आणि आजीला दिसते-आठवते तोवरच होणारे. पण पुण्याच्या टीव्हीवर नावांऐवजी नुसते चौकोन दिसतात आणि कार्डावर संशय येतो. कार्डाचा संबंध नाही. ॲपला ती सबटायटल दाखवता आली नाही, की सर्व्हर अक्षरे चित्रावरच छापून पाठवतो, आणि सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नसतो. डॉकरमध्ये तर हमखास. नोटो सान्स देवनागरी हा फुकट फॉन्ट सर्व्हरवर बसवा. त्याहून सोपे म्हणजे नावे साध्या एसआरटी फाइलमध्ये, यूटीएफ-८ मध्ये जतन करून चित्रफितीशेजारी त्याच नावाने ठेवा. बहुतेक ॲप ती स्वतःच दाखवतात, छापायची वेळ येत नाही आणि रूपांतरही टळते. फाइलच्या नावात शेवटी मराठीचा दोन अक्षरी संकेत 'एमआर' इंग्रजीत लिहिला, तर यादीत ती 'मराठी' म्हणून वेगळी दिसते.