परसाकडचे कुणाला सांगावे?

परसाकडचे बोलायला माणूस लाजतो. मीही लाजलो. गुडघे दुखत, म्हणून दुकानातून गोळ्या आणून उपाशीपोटी खात होतो. एके दिवशी मळ काळा झाला. डांबरासारखा काळा, चिकट आणि फार घाण वासाचा. घरात बोललो नाही. तिसऱ्या दिवशी अंगणातच घेरी येऊन पडलो. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, पोटात जखम होऊन रक्त वाहतंय. पहिल्याच दिवशी का नाही आलात?" रक्ताच्या २ बाटल्या चढवाव्या लागल्या.

पोटातले रक्त आतड्यातून खाली येईतो काळे पडते. म्हणून ते रक्त आहे असे वाटतच नाही. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो. बीट खाल्ले तर तांबडा होतो. त्याला भिऊ नये. पण डांबरासारखा मळ दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लाल रक्त पडले की आपण म्हणतो, मूळव्याध असेल. असेलही! पण आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते. काय ते डॉक्टरला ठरवू द्या. मळ पांढुरका आणि डोळे पिवळे झाले, तरी दाखवा.

तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले, तर ती पटकी असू शकते. पटकीने काही तासांतच जीव जातो. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. ते घोटघोट पाजत रोग्याला दवाखान्यात न्या. गाडी येईपर्यंत पाजायचे थांबू नका.